कर्जत ते खोपोली : एका दिवसाचा अभ्यासप्रवास

जपान देशात गटारांवरील लोखंडी झाकणे पाहत गावोगाव हिंडण्याचा छंद गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे, हे ऐकून आमच्या शेतकरी बंधूंस प्रथम हसू येईल. परंतु त्यामागील हेतू ध्यानी घेतला असता ती गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. भुयारी गटारांस पैसा फार लागतो, आणि जमिनीखाली दडून राहणाऱ्या कामासाठी पदरचे पैसे देण्यास लोक सहसा राजी होत नाहीत. तेव्हा १९८५ साली तेथील बांधकाम खात्यातील कामेदा नावाच्या अधिकाऱ्याने अशी सूचना केली की, प्रत्येक गावाने आपल्या झाकणावर आपलीच खूण ओतवून घ्यावी. कोणी किल्ला निवडला, कोणी फूल, कोणी पक्षी, कोणी आपल्या शिवारातील फळ. नक्षीच्या उठावामुळे पावसात पाय व चाक घसरत नाही, हा लाभ निराळाच. २०१६ पासून ह्या झाकणांची चित्रे असलेली पत्रे फुकट मिळू लागली. मात्र ज्या गावचे पत्र त्या गावी जाऊनच ते घ्यावे लागते. प्रवासी तेथे जातो, पत्र घेतो, त्या गावचे खास अन्न खातो आणि परततो.

आमच्याकडे खेड्यांची गटारे बहुधा उघडीच असल्याने झाकणाचा विचार पुढचा. परंतु असा प्रवास करून ‘आपल्या गावाची खूण कोणती’ हा प्रश्न स्वतःस विचारावयास आडकाठी नाही. त्यासाठी कर्जतहून खोपोलीस जाणारा सुमारे १५ किलोमीटरांचा रेल्वेफाटा फार सोयीचा आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही मधली स्थानके. हा मार्ग १८५६ सालचा, म्हणजे भोर घाटातील लोहमार्गाहून जुना. १८६३ साली घाट खुला होईपर्यंत पुण्याकडील उतारू खोपोलीस उतरून पालखीने, तट्टाने अथवा पायी घाट चढत.

कर्जतचे नाव काढताच बटाटावडा आठवतो. त्याचे कारण चढणीत आहे. घाटात ३७ फुटांस १ फूट असा चढ असल्यामुळे गाडीस मागून जादा इंजिने जोडावी लागतात. तेवढा वेळ गाडी थांबते आणि उतारू भुकेला असतो. वडा उत्तम असतो ह्याविषयी दुमत नाही. तथापि वड्यातील बटाटा व हरभरा हे बहुतांशी घाटावरचे. ज्या पदार्थाने कर्जतची ख्याती झाली त्यात कर्जतच्या शेताचा वाटा नाममात्रच, ही गोष्ट आमच्या मते विचार करण्याजोगी आहे.

शेताची खरी खूण भात होय. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ सालचे असून सध्या ते दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे आहे. ‘कर्जत’ हे नाव धारण करणारी भाताची कित्येक वाणे येथूनच निघाली. नावाची खूण म्हणावी तर ही आहे. ती लोखंडात नव्हे, बियाण्याच्या पोत्यावर उमटली आहे. सवड असल्यास त्याच तालुक्यात नेरळजवळील सगुणा बागही पाहावी. तेथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी, चिखलणी व लावणी टाळून भात घेण्याची पद्धत बसविली. गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने ठराविक अंतरावर भोके पाडून बी टोकतात, आणि कापणीनंतर मुळे जागीच कुजू देतात. तणनाशकावरील भिस्त मात्र डोळसपणे तपासून घ्यावी.

पाण्याचीही एक खूण आहे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली सोडून टाटांचे वीजगृह खोपोलीस १९१५ साली, व भिवपुरीचे १९२२ साली चालू झाले. वीज काढून झालेले पाणी एकीकडे पाताळगंगेत जाते, तर भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालव्याखाली उन्हाळी भात पिकते.

आता वालाकडे वळू. कारण प्रवासाचा मुख्य हेतू आमच्या मते हाच असावा. भात निघाल्यावर खाचरात जी ओल राहते तिच्यावर कडवा वाल होतो. त्यास पाट नको, मोट नको. मुळांवरील गाठींच्या योगाने तो जमिनीस नत्रही देऊन जातो. त्याच्या डाळिंब्या घरोघर शिजतात. पण त्याचे खरे कौतुक पोपटीत. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर मीठ व ओवा लावलेल्या वालाच्या कोवळ्या, भरलेल्या शेंगा, बटाटे, आवडीप्रमाणे अंडी अथवा कोंबडी रचतात. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबून मडके उपडे ठेवतात आणि भोवती गवत, काटक्या व गोवऱ्या रचून पेटवितात. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही; शेंगांच्या व पाल्याच्या ओलीची वाफ तेवढी पुरते. अर्ध्यापाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे. चर्र वाजून ते तत्काळ उडाले की पोपटी झाली असे समजावे. भांबुर्डी बांधावर फुकट मिळते, पण तिच्या वासावाचून पोपटी नव्हे. दिवस थंडीचे, पौष-माघाच्या सुमारास. (आषाढात जाणारास पोपटी मिळणार नाही; पण कातकरी व ठाकूर स्त्रिया रानभाज्या आणतात, त्या अवश्य घ्याव्यात.)

हे पीक दोन कारणांनी मागे हटत आहे. भात कापले की गुरे मोकाट सुटतात, आणि एकट्याने पेरलेला वाल राखणे कठीण जाते. दुसरे, मुंबई जवळ असल्याने खाचरे विकली जाऊन तेथे कुंपणाचे बंगले उठतात. शनिवार-रविवारी येणारा पाहुणा पोपटीस चांगले दाम देतो. शेंगा मात्र कित्येकदा बाजारातून आणाव्या लागतात. पाहुणा आला आणि पीक गेले, असा हा व्यवहार आहे. गावाने एकमताने माघ सरेपर्यंत गुरे बांधण्याचे ठरविल्यास पहिले कारण खर्चावाचून दूर होते.

खोपोलीस नाना फडणीसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे देऊळ आहे. खालापूर तालुक्यातील महडचा वरदविनायकही जवळच. पायी चालण्याची हौस असणाऱ्यांनी दुसऱ्या एखाद्या दिवशी कर्जतजवळील कोंडाणे लेणी पाहावीत. तेथे ‘कण्हाचा शिष्य बलक याने केले’ अशा अर्थाचा ब्राह्मी लेख कोरलेला असून दोन हजार वर्षांनंतरही कारागिराची खूण वाचता येते.

आमच्याच जिल्ह्यातील अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन उत्पादकांच्या संघास मागता येते. त्यासाठी पिकाचा प्रदेश, त्याचे वैशिष्ट्य व त्याची जुनी परंपरा लेखी दाखवावी लागते. वालाविषयी असे काही करावयाचे असल्यास कोणत्या गावी, कोणाच्या घरी, किती पिढ्यांचे बी राखले आहे ह्याची वही प्रथम हवी. प्रवासास निघणाऱ्या सभासदांनी ती बरोबर घ्यावी, आणि केळवली-डोलवलीच्या आसपासच्या गावांपासून नोंदीस आरंभ करावा.