थर आणि ठाणे

मराठीत ‘थर’ हा एकच शब्द आम्ही दोन भिन्न वस्तूंसाठी वापरीत होतो, आणि त्या वैचारिक शैथिल्याचा भुर्दंड २००३ साली पुण्यातील आमच्या लहानशा चमूला, व त्याहून अधिक आमच्या भरवशावर राहिलेल्या एका पतसंस्थेच्या कारकुनांना सोसावा लागला. संगणकप्रणाली बांधण्याच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांवर तो प्रसंग येऊ नये, एवढ्याच तळमळीने ही हकीकत लिहीत आहे.

आमच्या व्यवसायात लेअर आणि टिअर असे दोन शब्द रूढ आहेत. लेअर म्हणजे आज्ञावलीच्या अंतरंगातील जबाबदारीची वाटणी : पडद्यावर काय दिसावे हे एका भागाने पाहावे, व्यवहाराचे नियम दुसऱ्याने जाणावेत, नोंदी ठेवण्याकाढण्याचे काम तिसऱ्याने करावे. टिअर म्हणजे हे भाग प्रत्यक्षात ज्या निरनिराळ्या यंत्रांवर चालतात आणि ज्यांच्या मध्ये नेटवर्कची तार असते, ती स्थाने. पहिल्यास मी थर म्हणतो, दुसऱ्यास ठाणे. तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेणारा, निर्णय देणारा आणि दप्तर सांभाळणारा यांची कामे भिन्न असतात, ते थर झाले. हे तिघे एका दालनात बसतात की तीन गावांत, हा ठाण्यांचा प्रश्न झाला, आणि तीन गावांत बसविले तर प्रत्येक विचारणेसाठी पट्टेवाल्याला वाट तुडवावी लागणार, हे सांगावयास तज्ज्ञाची गरज नाही.

आम्हाला मात्र ते दिसले नाही. पतसंस्थेच्या कर्जवसुलीचे काम वेबवर आणावयाचे होते. आम्ही कागदावर तीन चौकोन काढले, आणि चौकोन तीन म्हणून सर्व्हरही तीन मागविले. प्रत्येक कर्जखाते मधल्या यंत्रावर राही, आणि पडद्याचे यंत्र त्यास नाव, मुद्दल, व्याज, हप्ता व थकबाकी असे पाच प्रश्न पाच स्वतंत्र फेऱ्यांनी विचारी. आमच्या मेजावर तिन्ही भाग एकाच संगणकात, दहाबारा खात्यांवर चालत असल्यामुळे दोष दडून राहिला. परंतु संस्थेत ४०० कर्जदारांची यादी उघडू लागताच फेऱ्यांची संख्या २,००० झाली. एकाच यंत्राच्या स्मृतीत दिलेली हाक नॅनोसेकंदांत पुरी होते. तीच हाक बांधून तारेवरून धाडली, पलीकडे उलगडली आणि उत्तर बांधून परत आणले की हिशेब मिलिसेकंदांत जातो. फेरीस पाच मिलिसेकंद धरले तरी दहा सेकंद झाले. शिवाय मधले यंत्र प्रत्येक खात्यासाठी डेटाबेसकडे पुन्हा जाई, ते वेगळेच. मार्चअखेरच्या गर्दीत कारकून यादीची वाट पाहत आणि खिडकीशी उभ्या सभासदांची बोलणी ऐकून घेत, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्या काळी जावा या संगणकभाषेतील, भाग निरनिराळ्या यंत्रांवर ठेवू देणाऱ्या एंटरप्राइज जावाबीन्स या पद्धतीचा आमच्यावर मोठा प्रभाव होता. वस्तुतः २००१ मधील तिच्या दुसऱ्या आवृत्तीने, एकाच यंत्रात नांदणाऱ्या भागांनी एकमेकांस नेटवर्कच्या हेलपाट्यावाचून बोलवावे म्हणून ‘लोकल’ इंटरफेसची सोय करून दिली होती. ती आम्ही वाचली होती, पण ती कोणत्या दुखण्यावरचा इलाज आहे हे ध्यानी आले नव्हते.

याहून गंभीर चूक पुढेच झाली. घाईघाईने आम्ही सर्व काही एका यंत्रावर आणले, ते योग्यच केले. परंतु ठाणी मोडताना थरही मोडून टाकले. पडदा रचणाऱ्या जेएसपी पृष्ठांतच डेटाबेसचे प्रश्न आणि व्याजाची आकारणी लिहिली गेली. यादी क्षणार्धात उघडू लागली आणि आम्ही समाधान पावलो. सहा महिन्यांनी दंडव्याजाचा नियम बदलला, तेव्हा तो अकरा ठिकाणी विखुरलेला आढळला; दहा ठिकाणी दुरुस्ती झाली, अकरावे ठिकाण नोटिशींचे होते, आणि ज्यांनी हप्ते वेळेवर भरले होते अशा काही सभासदांना चुकीच्या रकमेचा तगादा गेला. मंदगती यादीने माणसांचा वेळ घेतला होता. या नोटिशीने त्यांची अब्रू दुखावली. ती जबाबदारी आमची होती.

थरांना यंत्रांची गरज नसते, हे आम्हाला त्यापूर्वीच उमजावयास हवे होते. हॉलंडमधील आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठातील टीएचई या प्रणालीचे जे वर्णन एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९६८ साली प्रसिद्ध केले, त्या प्रणालीत एकावर एक थर रचलेले होते, आणि ते सारे एकाच संगणकात होते. मार्टिन फाउलर यांनीही आज्ञावलींच्या रचनेवरील २००२ च्या आपल्या ग्रंथात लेअर व टिअर या शब्दांतील गोंधळाकडे लक्ष वेधून, ऑब्जेक्ट्स निष्कारण यंत्रायंत्रांत विखरू नयेत असा निःसंदिग्ध सल्ला दिला आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, आराखडा काढताना कागद दोन घ्यावेत. पहिल्यावर थर काढावेत आणि विचारावे : व्याजाची आकारणी ब्राउझरवाचून व डेटाबेसवाचून, नुसत्या आकड्यांवर चालवून पाहता येते काय? येत नसेल, तर थर केवळ चित्रात आहेत. दुसऱ्या कागदावर ठाणी काढावीत, आणि प्रत्येक ठाण्यामागे सबळ कारण असल्याखेरीज ते काढू नये. डेटाबेस इंटरनेटपासून अलग ठेवणे हे असे कारण आहे. एका भागावरचा भार इतरांहून फार वाढणे हेही आहे. चित्र भारदस्त दिसणे हे नव्हे. दोन ठाण्यांमधील तार तुटली तर चालू कामाचे काय होईल, याचे उत्तरही त्याच कागदावर लिहावे. आणि ठाण्यांच्या सीमेवरून एकेक प्रश्न न धाडता सगळी यादी एकाच लखोट्यात मागवावी.

पुढे आम्ही ते काम नव्याने बांधले : थर तीन, ठाणी दोनच. काही वर्षांनी खाती वाढली, रात्रीच्या व्याज आकारणीचा ताण दिवसाच्या कामावर पडू लागला, आणि तेवढा भाग तिसऱ्या यंत्रावर हलवावा लागला. हलवाहलव तीन दिवसांत झाली. व्याजाच्या नियमाची एकही ओळ बदलावी लागली नाही.