प्रवासी ससाण्याचा बिनतारी माग

रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी झाली म्हणजे परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानावर लांब पंखांचा एक शिकारी पक्षी जमिनीलगत फिरताना दिसतो. तो बांधाच्या कडेने जातो, वळतो, पुन्हा येतो आणि एकाएकी पिकात उतरून नाकतोडा उचलतो. यास भोवत्या म्हणतात. दसऱ्याच्या पुढेमागे हा येतो व उन्हाळा लागला की दिसेनासा होतो. मधल्या काळात तो कोठे राहतो व कोणत्या वाटेने येतो, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. बैल कोणत्या बाजारचा, बी कोणत्या गावचे, हे आपण दहा ठिकाणी विचारून पाहतो. परंतु मजुरी न घेता राबणाऱ्या या गड्याचे गाव कोणते, हे विचारण्याचे आपणांस सुचत नाही.

अशा प्रवासी पक्ष्यांचा माग बिनतारी यंत्राने कसा काढतात, त्यासाठी लोकांची मदत का लागते, आणि त्यातून शेतकऱ्याने काय शिकावयाचे, एवढे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

यंत्र व त्याचे वजन

पक्षी जाळ्यात धरून त्याच्या पाठीवर मऊ पट्ट्यांनी एक लहानसे यंत्र बांधतात व त्यास लगेच सोडून देतात. हे यंत्र ठराविक वेळाने बिनतारी संदेश सोडीत राहते. याचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या शेकडा तीनच्या आसपासच असावे, असा सामान्य नियम पाळतात. अमूर ससाणा हा जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा पक्षी. सबब त्याचे यंत्र पाच ग्रॅमांचे करावे लागले. एवढ्यात मोठी बॅटरी बसत नाही, म्हणून यंत्रावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारी लहानशी काच बसविलेली असते.

दोन माणसांची मोजणी

संदेश ऐकण्याची जुनी रीत जमिनीवरची आहे. ऐकणाराच्या हातात दिशा दाखविणारी अँटेना असते. ती सभोवार फिरविली की ज्या बाजूस पक्षी असेल त्या बाजूस आवाज सर्वांत स्पष्ट येतो. होकायंत्रावर ती दिशा पाहून लिहून घ्यावयाची. परंतु एका माणसास दिशा कळते, अंतर कळत नाही. पक्षी त्या रेषेवर अर्ध्या कोसावर आहे की चार कोसांवर, हे त्यास सांगता येत नाही. म्हणून दुसरा माणूस पाहिजे.

आमची हयात मोजणीच्या कागदांत गेली असल्यामुळे हे उदाहरणाने सांगतो. समजा, एक स्वयंसेवक देवळापाशी उभा आहे व दुसरा त्याच्या बरोबर पूर्वेस दोन किलोमीटरवर. पहिल्यास आवाज नेमका ईशान्येकडून येतो, दुसऱ्यास नेमका वायव्येकडून. नकाशावर दोन्ही रेषा ओढल्या की त्या दोघांच्या मध्यबिंदूच्या उत्तरेस एक किलोमीटरवर एकमेकींस छेदतात. पक्षी तेथे आहे.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, दोघांनी एकाच क्षणी दिशा घेतली पाहिजे. कारण हद्दीचा दगड जागचा हलत नाही, पण पक्षी हलतो. दुसरी, दोन्ही रेषा अगदी अरुंद कोनात मिळू नयेत; तशा मिळाल्या तर दिशेतील थोडक्या चुकीने ठिकाण फारच चुकते. या रीतीने पक्ष्याच्या मागे मोटार घेऊन माणसे शेकडो कोस गेलेली आहेत. १९७४ साली अमेरिकेत बिल कॉक्रन यांनी एका बहिरी ससाण्याचा माग विस्कॉन्सिन प्रांतापासून मेक्सिको देशापर्यंत असाच काढला.

समुद्र ओलांडणाऱ्या पक्ष्यामागे मात्र मोटार जाऊ शकत नाही. तेथे आकाशातील उपग्रह संदेश ऐकतो. आगगाडी शिटी देत स्टेशनाकडे येते तेव्हा शिटीचा सूर चढा लागतो व गाडी पुढे निघून गेली की तो उतरतो. उपग्रह वेगाने जात असता यंत्राच्या संदेशाचा सूरही त्यास असाच बदललेला मिळतो. त्या बदलावरून गणित करून यंत्राचे ठिकाण काढतात. मात्र उपग्रह ठिकाण सांगतो. तेथे पक्ष्याचे काय झाले, हे सांगत नाही. ते सांगण्यास जमिनीवरचाच माणूस पाहिजे. याची साक्ष पुढील हकीकतीत मिळते.

अर्जेंटिनातील धडा

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात स्वेन्सनचा बाज या नावाचा पक्षी घरटी करतो व थंडीच्या आधी दहा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून दक्षिण अमेरिकेस जातो. कॅलिफोर्नियातील काही ठिकाणी हे पक्षी पूर्वीइतके परत येईनात. तेव्हा १९९४ साली ब्रायन वुडब्रिज यांनी त्यांच्यावर उपग्रहाचे यंत्र बांधले. माग निघाला तो अर्जेंटिना देशातील ला पाम्पा प्रांताच्या शेतांत. १९९५ च्या जानेवारीत ते स्वतः तेथे गेले, तो झाडांखाली व शेतांत सातशेच्या आसपास बाज मरून पडलेले आढळले. पुढच्या वर्षी मोजणी अधिक झाली व मृतांची नोंद पाच हजारांच्या घरात गेली.

कारण काय? तेथील शेतकरी या पक्ष्यास वैरी समजत नव्हते. त्यांच्या भाषेत याचे नावच टोळ खाणारा अशा अर्थाचे आहे. लसूणघास व सूर्यफूल यांवर टोळ पडले म्हणून त्यांनी औषध फवारले. औषधाने लोळणारे टोळ सहज सापडतात, म्हणून बाज थव्यांनी त्याच शेतांत उतरले. काहींच्या अंगावर औषध पडले, काहींनी विषारी टोळ खाल्ले, आणि ते तेथेच मेले. जो गडी टोळ मारण्यास आला होता तोच टोळांबरोबर मारला गेला. तेथील शेतमालकांनी कोणते औषध मारले हे लपविले नाही, म्हणूनच कारण सापडले. ते औषध मोनोक्रोटोफॉस होते.

हे नाव परभणीच्या कापूस उत्पादकास नवीन नाही. कपाशीवरील तुडतुडे व मावा यांसाठी याच औषधाचे डबे आपल्या घरोघरी येत होते.

अर्जेंटिनात सरकार, शेतकरी, पक्षीअभ्यासक व औषध करणारे यांनी एकत्र बसून विचार केला. टोळांवर व लसूणघासावर हे औषध वापरणे बंद करण्यात आले व शेतकऱ्यांस दुसरे उपाय समजावून सांगण्यात आले. १९९६-९७ च्या हंगामात मेलेले बाज अगदी मोजके सापडले. इतक्या लवकर फळ देणारी सुधारणा शेतकीत क्वचितच पाहावयास मिळते. आपल्याकडे भारत सरकारने २००५ साली हे औषध भाजीपाल्यावर मारण्यास मनाई केली आणि २०२३ च्या आदेशाने त्याचे ३६ टक्क्यांचे द्रावण बंद करण्याचे ठरविले. मध्यंतरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हे वाचक विसरले नसतील. त्या वेळी मारल्या गेलेल्या औषधांत हेही होते. जे औषध पक्ष्यास मारते ते पंप पाठीवर घेणारासही ओळखत नाही.

महाराष्ट्रावरून जाणारी वाट

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. अमूर ससाणा सैबेरिया व उत्तर चीन या मुलखांत घरटी करतो आणि हिवाळ्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड व मणिपूर येथे याचे लक्षावधींचे थवे उतरतात व पंख फुटलेली वाळवी खाऊन अंगात चरबी साठवितात. २०१२ साली नागालँडातील दोयांग जलाशयाच्या काठी दिवसाला बारा ते चौदा हजार ससाणे जाळ्यांत धरून मारले जातात, असा अंदाज बानो हरालू, शशांक दळवी इत्यादि मंडळींनी प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी पांगती, आशा व सुंग्रो या गावांनी जाळी लावणे थांबविले, आणि पूर्वी जाळी लावणारेच रखवालीस उभे राहिले.

त्याच २०१३ च्या नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेने हंगेरीच्या पक्षीतज्ज्ञांसह तेथील तीन ससाण्यांवर यंत्रे बांधली. नरास नागा व माद्यांस पांगती आणि वोखा अशी नावे दिली. गावाचे नाव धारण करणारा पक्षी गावकऱ्यांस आपला वाटू लागला, हा त्यातील मोठाच लाभ होय. हे पक्षी बंगालचा उपसागर व भारताचे द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेस पोहोचले. २०२५ च्या नोव्हेंबरात मणिपुरातून सोडलेल्या अलांग नावाच्या मादीने तेलंगणात एक रात्र व महाराष्ट्रात सुमारे तीन तास विसावा घेतला आणि साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटर कापून ती सात दिवसांच्या आत केनियास पोहोचली. समुद्रावर विसाव्यास जागा नाही. तेव्हा त्याआधी महाराष्ट्रात मिळालेल्या तीन तासांची किंमत केवढी, हे वाचकांनीच ठरवावे. ज्या झाडावर ती टेकली ते कोणाच्या तरी बांधावरचे असू शकेल.

आपण काय करावे

(१) भोवत्या अथवा ससाण्यांचा थवा दिसल्यास तारीख, वेळ, गट क्रमांक, अंदाजे संख्या व पक्षी काय करीत होते, हे वहीत लिहून ठेवावे. नोंद नियमाने केली तर पाच वर्षांनी तीच वही अभ्यासकास मोलाची होईल.

(२) पाठीवर तार किंवा पायात कडे असलेला जखमी अथवा मृत पक्षी आढळल्यास कड्यावरील अक्षरे व अंक उतरून घेऊन नजीकच्या वनखात्याच्या कचेरीस कळवावे. यंत्र घरी नेऊन ठेवू नये. ते आपल्या घराचेच ठिकाण कळवीत राहील.

(३) फवारणी शेजाऱ्याने केली म्हणून करू नये, कीड मोजून करावी. हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरात एक-दोन अळ्या आढळू लागेपर्यंत कडक औषधाची घाई नको. हेक्टरी वीसएक पक्षीथांबे उभारावेत. त्यावर मुख्यत्वे कोतवाल व साळुंक्या बसतील; भोवत्या उडताउडताच शिकार करतो, त्यास थांबा लागत नाही.

(४) भोवत्या रात्री गवतात जमिनीवरच वस्ती करतो. म्हणून गायरान व माळाचे गवत विनाकारण जाळू नये.

(५) फवारणीनंतर पक्षी मेलेले दिसल्यास बालंट येईल या भीतीने ते पुरून टाकू नयेत. कोणते औषध, किती प्रमाणात व कोणत्या दिवशी मारले, हे कृषि अधिकाऱ्यास खरे सांगावे. अर्जेंटिनाच्या शेतकऱ्यांनी तेवढे केले, म्हणून त्यांचा टोळखाऊ वाचला.

एका माणसास पक्ष्याची केवळ दिशा कळते व दुसरा सामील झाला की ठिकाण कळते, हे वर आलेच आहे. आकाशातील यंत्र हा पहिला मोजणीदार समजावा. दुसऱ्याची जागा शेताच्या बांधावर आहे, आणि ती शेतकऱ्यावाचून कोणी भरू शकत नाही.