‘पार्ट मिळत नाही, ताई!’

खिशातल्या जुन्या घड्याळाचा सुटा भाग ‘मिळत नाही’ असं दुकानदार म्हणाला, की बहुतेक वेळा त्याला तो शोधायचा नसतो, नाहीतर शोधण्याचे दाम दुप्पट घ्यायचे असतात. हे मी रागात लिहिते आहे. पण राग आला म्हणून खरं खोटं होत नाही.

आमचं घड्याळ वॉल्थमचं. चुलत आजोबा आगबोटीवर होते, त्यांनी अमेरिकेतून आणलेलं. घरात कुणाच्या तरी हातून ते फरशीवर पडलं आणि बॅलन्स स्टाफचा पिव्हट मोडला. बॅलन्सचं चाक ज्या धुऱ्यावर झुलतं तो हा स्टाफ. त्याची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी बारीक. धक्का सोसणारी इन्काब्लॉकसारखी सोय 1930 नंतर आली, त्याआधीची घड्याळं पडली की पहिला बळी याचाच. म्हणजे सगळ्यांत जास्त मोडणारा भाग, आणि म्हणूनच कारखान्यांनी सगळ्यांत जास्त बनवून ठेवलेला. वॉल्थमच्या कारखान्याने 1957 पर्यंत तीन कोटींहून अधिक घड्याळं काढली आणि त्यांची ख्यातीच मुळी एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला बसतो यासाठी होती. त्या घड्याळाचा स्टाफ म्हणे जगात मिळत नाही!

हे मला सांगितलं मुंबईतल्या एका नावाजलेल्या दुकानाच्या मालकांनी. नाव लिहीत नाही. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या, “मिस्टर नाही आले?” मग डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागच्या झाकणाच्या आतला नंबर वहीत उतरवून घेतला. मी म्हटलं, “तो केसचा नंबर आहे. मशीनचा वेगळा असतो.” अमेरिकन घड्याळांत मशीन एका कंपनीचं, केस दुसरीची, गिऱ्हाईक सराफाकडे जाऊन दोन्ही वेगवेगळी निवडायचं. केसच्या नंबरावरून मशीन शोधायला बसलात तर जन्मभर सापडायचं नाही. यावर ते हसले. “ताई, हे मायक्रोचं काम आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

माझी सगळी नोकरी तंत्रनिकेतनात मापनशास्त्र शिकवण्यात गेली. मायक्रोमीटर धरायला मी मुलांच्या किती तरी तुकड्यांना शिकवलं. तरी गप्प बसले, कारण घड्याळ त्यांच्या हातात होतं. “परदेशातून मागवावा लागेल,” म्हणून साडेचार हजार ॲडव्हान्स घेतला. पावतीवर फक्त ‘पॉकेट वॉच रिपेअर’.

मग सुरू झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माल कस्टममध्ये आहे, कारागीर गावी गेलाय, पावसामुळे उशीर. अखेर घड्याळ आलं. चालत होतं. वर आणखी पैसे घेतले आणि “ओरिजिनल वॉल्थमचा स्टाफ टाकलाय” असं ठणकावून सांगितलं.

रात्रीपर्यंत घड्याळ बरंच पुढे गेलं. सकाळी मी मागचं झाकण फिरवून काढलं. पहिल्यांदा दिसला रेग्युलेटरचा काटा: ‘एस’च्या (स्लोच्या) बाजूला अगदी टोकापर्यंत लोटलेला. पुढे पळणाऱ्याला मागे ओढायची धडपड, आणि तरी पळतंच होतं. मग बॅलन्सकडे पाहिलं. देण्याआधी मी मोबाइलवर जवळून फोटो काढून ठेवले होते, सवयच आहे. फोटोतल्या चाकाच्या कडेला पिवळ्याधमक स्क्रूंची दाट रांग. समोरच्या चाकावर मोजके, मध्ये मोकळ्या जागा. फोटोतल्या हेअरस्प्रिंगचा शेवटचा वेढा वर उचलून आत वळवलेला, ज्याला ब्रेगे म्हणतात तो. समोरची स्प्रिंग सपाट, पोळीसारखी. स्टाफ बदललाच नव्हता. माझं अख्खं बॅलन्स काढून कुठल्या तरी स्विस घड्याळाचं बॅलन्स घासूनपुसून तिथे बसवलं होतं. भिंगातून मी ते किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. चोरी इतकी लहान असू शकते हे आयुष्यभर मायक्रॉन मोजूनही सुचलं नव्हतं.

फोटो घेऊन परत गेले. आधी ते म्हणाले, हाच तुमचा बॅलन्स. दोन फोटो शेजारी ठेवले तेव्हा म्हणाले, जुना खराबच झाला होता. तो द्या म्हटलं तर “कचऱ्यात गेला असेल.” बॅलन्स हा कचरा नव्हे. स्टाफ मोडला तरी चाक आणि हेअरस्प्रिंग शाबूत असतात, आणि ती जोडी एकमेकांना जुळवलेली असते. तिला बाजारात स्टाफपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. हे त्यांना माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. शेवटी आवाज चढवून म्हणाले, “चालतंय ना घड्याळ? एवढं भावनिक होऊ नका.” शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून डोळेही मिचकावले. पैसे परत मिळाले नाहीत.

आता ज्यांच्या कपाटात असं घड्याळ आहे त्यांच्यासाठी.

अमेरिकन घड्याळ असेल, वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन, तर मशीनवर कोरलेला नंबर उतरवा. तो इंटरनेटवर शोधला की साल, साइज, ग्रेड, मॉडेल, ज्वेल सगळं मिळतं, फुकट. साइज व्हर्नियरने पडताळा: 16 साइज म्हणजे 43.18 मिलिमीटर, 18 म्हणजे 44.87, माप तबकडीचं नव्हे, मशीनच्या मुख्य पट्टीचं. सुटा भाग मागताना ग्रेडपेक्षा मॉडेल महत्त्वाचं, कारण भाग मॉडेलप्रमाणे जुळतात. स्टाफ मागवताना आणखी एक विचारून घ्या: सिंगल रोलर की डबल रोलर? दोन्हींचे स्टाफ वेगळे. आणि वॉल्थमच्या बऱ्याच घड्याळांत चाकाच्या मधोमध निळसर पोलादी हब दिसतो. तो हब चाकाला कायमचा रिव्हेट केलेला असतो, स्टाफ त्यात फक्त दाबून बसवलेला. घड्याळजीने हबसकट ठोकून काढलं तर चाक गेलंच. काम देण्याआधी हा प्रश्न विचारा. उत्तर देताना तो गोंधळला तर घड्याळ परत खिशात.

स्वस्तातला मार्ग मात्र सुटा स्टाफ शोधण्याचा नाही. सोन्याचा भाव चढला की लोक केस वितळवतात आणि आतली मशिनं उघडीनागडी विकायला येतात. त्याच मॉडेलचं असं बंद पडलेलं मशीन घ्या. त्यात बॅलन्स, हेअरस्प्रिंग, सेटिंग लिव्हर, स्क्रू सगळं येतं, आणि सुटे भाग एकेक जमवण्यापेक्षा ते पुष्कळदा स्वस्त पडतं. विकणाऱ्याकडून एकच खात्री करा: बॅलन्स बोटाने हलवल्यावर मोकळं झुलतं का? त्याचा व्हिडिओ मागा, फोटोवर भागत नाही. परदेशातल्या भाच्याला ‘गिफ्ट लिहून पाठव’ सांगू नका. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवनरक्षक औषधं सोडली तर टपाल-कुरियरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची सूट गेली आहे. कुणी येणार असेल त्याच्या बॅगेतून आणा.

माझं मशीन असंच आलं. त्यातलं बॅलन्स बसवलं मिरजेच्या एका निवृत्त घड्याळजींनी. त्यांनी आधी निळा हब दाखवला, मग हत्यारं काढली. काढलेलं स्विस बॅलन्स न मागता कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिलं. मजुरी सांगितली ती ऐकून मला मुंबईचा पुन्हा राग आला.

स्विस घड्याळांचं शास्त्र निराळं. आपल्याकडे जुन्या घरांत वेस्ट एंडची घड्याळं असतात. तबकडीवर नाव दुकानाचं, मशीन बनवलेलं दुसऱ्याच कारखान्याने. त्याची खूण तबकडीखाली किंवा बॅलन्सजवळ सापडते, आणि माप लिन्यात: एक लिन्य म्हणजे 2.256 मिलिमीटर. झाकणाच्या आत ‘आंक्र’ (Ancre, म्हणजे लिव्हर पद्धत) कोरलं असेल तर आशा आहे. ‘सिलिंद्र’ (Cylindre) असेल तर सिलिंडर मोडल्यावर तो विकत जवळजवळ मिळत नाही, लेथवर नवा घडवावा लागतो. तेवढा खर्च करायचा का ते आधी ठरवा. रॉस्कोफ पद्धतीचं स्वस्त घड्याळ असेल तर दुसरं अख्खं घड्याळच घ्या.

मेनस्प्रिंग हवी असेल तर तिची रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाची तऱ्हा, चारही लिहून न्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात फिरायला हरकत नाही, पण रंगवलेल्या चकचकीत तबकडीला भुलू नका. सहा घड्याळांचं मिळून एक केलेला माल परदेशातले संग्राहकही मुंबईच्या नावाने ओळखतात. घासाघीस करा, चौकशी करा, घाई करू नका, हे तर कुणीही सांगेल.

आणि पावती. ‘पॉकेट वॉच रिपेअर’ एवढ्यावर सही करू नका. मशीनचा नंबर, बॅलन्सचा फोटो व्हॉट्सॲपवर त्यांच्याच नंबरला पाठवलेला, आणि खाली एक ओळ त्यांच्या हस्ताक्षरात: ‘काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, गिऱ्हाइकाला परत.’ ही ओळ लिहायला जो कां-कूं करेल, तिथे ॲडव्हान्स ठेवू नका. मिस्टर बरोबर असोत वा नसोत.