अळंबीचा काढा : गुण किती आणि समजूत किती

गतवर्षी श्रावणात आगाशी-नंदाखाळ बाजूचे एक बागायतदार गृहस्थ केळीच्या पानात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आमच्याकडे आले. पान उलगडून पाहता आत पंज्याएवढी, अर्धचंद्राकार, लाकडासारखी कठीण अळंबी होती. तिची पाठ लाख चढविल्याप्रमाणे तांबूस व चकचकीत आणि कड पांढुरकी होती. ही त्यांच्या वाडीतील एका माडाच्या बुंध्यावर उगवली होती. मुंबईच्या दुकानांत ‘रिशी’ या नावाने जी अळंबी चहासाठी महाग विकली जाते ती हीच, असे त्यांस कोणी सांगितले होते. त्यांच्या वृद्ध मातोश्रींस मधुमेह असून, हिचा काढा सुरू करून डॉक्टरांच्या गोळ्या बंद कराव्यात, असाही सल्ला त्यांस मिळाला होता. हा काढा आईस द्यावा काय, आणि उरलेली अळंबी विकावी काय, असे त्यांचे दोन प्रश्न होते.

हे प्रश्न पुष्कळांच्या मनात असतील असे वाटल्यावरून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अळंबी म्हणजे काय

अळंबी ही वनस्पती नव्हे. तिच्या अंगी हरितद्रव्य नसल्यामुळे तिला आपले अन्न स्वतः तयार करता येत नाही. ते तिला कुजक्या पाल्यातून, लाकडातून किंवा जिवंत झाडातून घ्यावे लागते. आपणांस दिसते ती छत्री म्हणजे केवळ फळ. खरे शरीर म्हणजे सुतासारख्या तंतूंचे जाळे, आणि ते जमिनीत अथवा लाकडात पसरलेले असते. सबब, झाडावर छत्री दिसली म्हणजे आतील जाळे पुष्कळ आधीपासून काम करीत आहे, हे शेतकऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे.

जुना उपयोग

औषधी अळंबी ही केवळ परदेशची गोष्ट आहे असे नाही. जुन्या फणसाच्या खोडावर येणारे कठीण, तपकिरी ‘फणसअळंबे’ कोकणात व घाटमाथ्यावर फार दिवसांपासून ठाऊक आहे. ते सहाणेवर पाण्यात उगाळून, लहान मुलांच्या तोंडातून फार लाळ गळत असल्यास हिरड्यांस लावण्याची चाल आहे. शास्त्रज्ञ ते फेलिनस या वर्गात घालतात. केरळात फणसावर येणाऱ्या याच वर्गातील एका जातीच्या अर्काचे प्रयोग त्रिशूर येथील अमला कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर झाले असून त्यांत काही आशादायक गुण आढळले आहेत.

चीन देशात लिंगझी नावाची चकचकीत अळंबी सुमारे दोन हजार वर्षांपासून औषधांत गणली जाते. जपानी लोक तिलाच रिशी म्हणतात. शास्त्रात तिचा वर्ग गॅनोडर्मा हा होय. या वर्गात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. फार काळ त्या एकाच नावाखाली मोडत. २०१२ साली चिनी संशोधकांनी आपल्याकडील लिंगझीस स्वतंत्र जातीचे नाव दिले. तेव्हा माडावरची अळंबी दिसण्यात रिशीसारखी असली तरी ती तीच होय, असे डोळ्यांनी पाहून कोणासही ठरविता येणार नाही.

काढा करण्याची रीत

या पेयास चहा म्हणत असले तरी खरे पाहता तो काढा आहे. गवती चहा किंवा तुळस यांचा अर्क उकळत्या पाण्यात थोडा वेळ झाकून ठेवल्याने उतरतो. अळंबीचा तसा उतरत नाही. तिच्या पेशींच्या भिंती कायटिन नामक चिवट द्रव्याच्या असतात आणि बीटा-ग्लुकान नावाची जी शर्करामय द्रव्ये गुणकारी मानतात, ती त्या भिंतींतच गुंतलेली असतात. ती पाण्यात उतरण्यास दीर्घ काळ मंद आच लागते. कठीण औषधास पाणी अधिक व आच लांब, हा आपल्या वैद्यांचा नियमच आहे. शार्ङ्गधराने काढ्यास सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवावे असे सांगितले आहे. परंतु सुकी अळंबी पाणी फार शोषीत असल्यामुळे येथे त्याहून सढळ पाणी घेणे सोयीचे पडते.

खात्रीच्या ठिकाणाहून आणलेल्या, लागवड केलेल्या व नीट सुकविलेल्या रिशीचे पातळ काप ५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडे कमी, घ्यावेत. बुरशीचा वास किंवा ओलसरपणा आढळल्यास ते टाकून द्यावेत. काप एकदा धुऊन पाऊण लिटर पाण्यात अर्धा तास भिजवावेत. नंतर मातीच्या किंवा पोलादी भांड्यात त्याच पाण्यासह मंद आचेवर एक ते दीड तास ठेवून पाणी निम्म्यावर आणावे व गाळावे. त्याच कापांचा दुसऱ्यांदा काढा होतो. तो फिका असतो. चव अतिशय कडू असते, म्हणून आल्याचा तुकडा, गवती चहा व किंचित गूळ घालण्यास हरकत नाही. मधुमेही मनुष्याने मात्र गूळ वर्ज्य करावा. कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो ती पाण्यात थोडीच उतरतात. त्यांपैकी बरीचशी मद्यार्कातच विरघळतात. यास्तव ‘जितका कडू तितका गुणकारी’ हा समज धरून काढा आटवीत बसू नये.

गुणांची परीक्षा

आता मुख्य मुद्दा. काचपात्रात व उंदरांवर दिसलेला गुण माणसांत दिसतोच असे नाही. कर्करोगावर रिशी देऊन झालेल्या ५ प्रयोगांचा, म्हणजे एकंदर ३७३ रोग्यांचा, आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला आहे. मूळ उपचार म्हणून रिशी वापरण्यास पुरावा अपुरा आहे. फार तर चालू उपचारांस जोड म्हणून तिचा विचार करता येईल, असा त्याचा निष्कर्ष आहे. २०१५ साली त्याच संस्थेने ५ प्रयोगांतील ३९८ लोकांचा दुसरा आढावा प्रसिद्ध केला. त्यात मधुमेही लोकांच्या रक्तातील साखर किंवा हृदयविकाराची इतर कारणे रिशीने कमी होतात, असे सिद्ध झाले नाही.

जपानात १९७७ साली ट्रामेटिस वर्गातील अळंबीपासून काढलेल्या एका औषधास कर्करोगाच्या उपचारात जोड म्हणून मान्यता मिळाली होती, हे खरे. परंतु ते शुद्ध करून, मोजून दिलेले औषध होते. चुलीवरच्या काढ्यास त्याची साक्ष लावणे योग्य नव्हे.

मग या काढ्यात लाभ काहीच नाही काय? निरोगी माणसास हे एक कडू, उष्ण पेय आहे. साखरेच्या चहाचे दोन प्याले जाऊन त्या जागी हे आले, तर तेवढी साखर वाचली, हा लाभ निश्चित. याहून अधिक वचन आम्ही देऊ शकत नाही.

कोणी घेऊ नये

रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी, यकृताचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा काढा डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये. रिशीच्या भुकटीने यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नमूद आहेत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असता काढा घेतला, तर तसे डॉक्टरांस सांगावे. काढ्याकरिता गोळ्या सोडणे हे तर सर्वथैव घातक होय.

रानातील अनोळखी अळंबीचा काढा कधीही करू नये. काही विषारी जातींचे विष उकळूनही जात नाही व सुकवूनही जात नाही. शिवाय ओकाऱ्या व जुलाब सुरू होण्यास सहा ते बारा तास, क्वचित त्याहूनही अधिक वेळ लागतो. तोवर विष अंगात भिनलेले असते. मध्यंतरी थोडे बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. आसामात २०२२ च्या एप्रिल महिन्यात रानअळंबी खाऊन काही दिवसांतच १३ माणसे दगावली. चांदीचे नाणे काळे पडते की नाही, किंवा किडे ती खातात की नाही, असल्या परीक्षांवर विश्वास ठेवू नये.

माडाचे काय?

त्या गृहस्थांस आम्ही उलट प्रश्न केला : ज्या माडावर ही अळंबी आली, त्याची प्रकृती कशी आहे? तेव्हा त्यांनी सांगितले की, खालच्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबतात, फळ घटले आहे आणि बुंध्यातून तांबूस चीक पाझरतो. हीच त्या रोगाची लक्षणे. तमिळनाडूत यास तंजावर मर म्हणतात; कर्नाटकात सुपारीवरील याच रोगास ‘अणबे रोग’, म्हणजे अळंबीचा रोग, असे नाव आहे. बुरशी मुळांतून शिरते, बुंधा आतून कुजविते आणि मुळांच्या वाटेने शेजारच्या झाडाकडे जाते. अळंबी दिसते ती बहुधा शेवटी.

असा माड बचावणे कठीण. तो मेल्यावर खोडच नव्हे, तर बुंध्याचा गड्डा व मुळ्याही खणून काढून जाळाव्यात. रोगी झाडाभोवती चर खणून ते निराळे करावे. बावखलाचे किंवा विहिरीचे पाणी रोगी आळ्यातून निरोगी आळ्यात वाहू देऊ नये. प्रत्येक आळ्यास पाणी स्वतंत्र द्यावे. शेजारच्या माडांस दरसाल ५ किलो निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून, शेणखताबरोबर द्यावी. माडांत केळीचे आंतरपीक घेतल्यानेही या रोगास आळा बसतो असा तमिळनाडूचा अनुभव आहे. आणि केळ तर आमच्या वसईचे घरचेच पीक!

ज्यांस अळंबीपासून उत्पन्न हवे, त्यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी लावावी. ती खाण्यास उत्तम असून, उन्हात ठेवल्यास तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते. पालघर जिल्ह्यातील कोसबाडचे कृषि विज्ञान केंद्र किंवा दापोलीचे कोकण कृषि विद्यापीठ यांच्याकडे याविषयी विचारणा करावी. लाकडाच्या भुशावर रिशीची लागवड करणाऱ्यांनी वापरलेला भुसा माडांच्या वाडीत कदापि टाकू नये. आणि विक्री करताना ‘मधुमेह बरा होतो’, ‘कर्करोग जातो’ अशी जाहिरात करू नये. १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याने तो गुन्हा आहे.

सारांश, खात्रीची अळंबी असेल तर तिचा काढा आवडीने प्यावा, औषधाच्या जागी घेऊ नये. आणि आपल्या झाडावर अळंबी दिसली तर भांडे चुलीवर ठेवण्यापूर्वी झाडाचे मूळ तपासावे. त्या गृहस्थांनी तो माड गड्ड्यासकट काढला, चर खणला, आणि मातोश्रींच्या गोळ्या चालू ठेविल्या. शेजारचे माड अद्याप हिरवे आहेत.