जीवाणू चिकटतात कसे आणि सुटतात कसे?

पुणे-सोलापूर रस्त्यावर, दौंडपासून जवळच, कुरकुंभ हे गाव आहे. गावालगत औद्योगिक वसाहत असून तीत रसायनांचे व औषधांचे अनेक कारखाने आहेत. कारखाना म्हटला की सांडपाणी आलेच. ते तसेच सोडून दिले, तर ओढे, विहिरी आणि शेते खराब होतील. म्हणून ते आधी शुद्ध करावे लागते. त्यासाठी या वसाहतीत सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. अशा केंद्रांत यंत्रे व रसायने वापरतातच. पण पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण खाऊन टाकण्याचे काम जीवाणूंकडे असते.

आता एक प्रश्न विचारू या. शुद्धीकरणाच्या टाकीत एका बाजूने पाणी येत असते व दुसऱ्या बाजूने जात असते. जीवाणू तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. मग ते पाण्याबरोबर वाहून का जात नाहीत? याचे उत्तर असे, की त्यांना चिकटता येते. ते दगडाला चिकटतात, टाकीला चिकटतात, एकमेकांनाही चिकटतात. तुमच्या घरातील माठ आतून बुळबुळीत होतो, तोही याच गुणामुळे.

चिकटण्यात फायदा काय?

अमेरिकेतील क्लॉड झोबेल हे शास्त्रज्ञ समुद्राचे पाणी बाटल्यांत भरून त्यातील जीवाणू मोजत असत. लहान बाटलीतील पाण्यात जीवाणू अधिक वाढतात, मोठ्या बाटलीत कमी, असे त्यांना आढळले. पाणी तेच, मग फरक कशाचा? काचेचा! १० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती भांड्यात १००० घन सेंटिमीटर पाणी मावते आणि त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर घन सेंटिमीटर पाण्याच्या वाट्याला ०.६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो. तेच भांडे १ सेंटिमीटर बाजूचे असेल, तर हा वाटा ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहापट होतो. पाण्यात अन्नाचे कण फार विरळ असतात. ते काचेवर जमतात आणि जिथे अन्न तिथे जीवाणू. झोबेल यांनी १९४३ साली हा विचार सविस्तर मांडला.

पहिली पायरी : सैल पकड

कोणतीही स्वच्छ वस्तू पाण्यात बुडवली, की काही मिनिटांतच तिच्यावर प्रथिने व इतर सेंद्रिय पदार्थांचा अतिशय पातळ लेप बसतो. त्यानंतर जीवाणू जवळ येतात. काही प्रवाहाबरोबर येतात, तर काही आपल्या चाबकासारख्या केसाच्या, म्हणजे कशाभिकेच्या, साहाय्याने पोहत येतात.

पण इथे एक अडचण असते. जीवाणूच्या अंगावर बहुधा ऋण विद्युत्‌भार असतो आणि काचेवरही ऋणच. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात हे तुम्ही शिकला आहात. याउलट, रेणूरेणूंमधील आकर्षण दोघांना जवळ ओढत असते. या ओढाताणीत जीवाणू पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या अंतरावर अडकून राहतो. तो तिथे थरथरत असतो, पण टेकलेला नसतो. पाण्यात मीठ असेल, तर विद्युत्‌भारांचे लोटणे कमी होते आणि जवळ जाणे सोपे होते.

के. सी. मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली समुद्रातील जीवाणूंवर प्रयोग करून हे दाखवले. सैल पकडीतले जीवाणू मिठाच्या पाण्याने नुसते धुतले तरी निघून जात. थोड्या वेळाने मात्र त्यांपैकी काही धुऊनही निघेनात. म्हणजे मधल्या काळात काहीतरी घडले होते.

दुसरी पायरी : पक्की पकड

या काळात जीवाणू दोन गोष्टी करतो. काही जीवाणूंच्या अंगावर प्रथिनांचे बारीक रोम असतात. ते मधले अंतर ओलांडून पृष्ठभाग पकडतात. शिवाय जीवाणू आपल्या भोवती चिकट पदार्थ स्रवतो. त्यात मुख्यतः बहुशर्करा व प्रथिने असतात. या चिकट्यात जीवाणूंची वसाहतच तयार होते. तिला जैवपटल म्हणतात. माठातील बुळबुळ आणि सकाळी दातांवर जाणवणारा थर ही जैवपटलेच होत.

ही पकड किती घट्ट असते? गोड्या पाण्यात कॉलोबॅक्टर नावाचा जीवाणू राहतो. तो एका देठाच्या टोकाने दगडाला चिकटतो. त्याच्या चिकट्याची ताकद २००६ साली मोजली गेली. ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७० न्यूटन भरली, म्हणजे एवढ्याशा जागेवर सुमारे सात किलोग्रॅम वजन टांगावे इतकी!

मूत्रमार्गाचा विकार जडवणाऱ्या ई. कोलाय जीवाणूची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या रोमाच्या टोकावरील प्रथिनाला प्रवाहाचा ताण बसला, की पकड सुटण्याऐवजी घट्ट होते. पोहऱ्याच्या दोरीचा फास ओढला की आवळतो, तसेच हे. ही गोष्ट २००२ साली उजेडात आली.

मग सुटतात कसे?

एकाच जागी कायमचे राहून भागत नाही. गर्दी वाढते, अन्न कमी पडते. तेव्हा सुटणेही आवश्यक असते. सुटण्याच्या तऱ्हा तीन.

पहिली, झीज. वाहत्या पाण्याच्या घासण्याने वरवरच्या पेशी थोड्या थोड्या निघत राहतात.

दुसरी, पोपडे पडणे. थर जाड झाला, की आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू व अन्न पोहोचत नाही. त्या दुबळ्या होतात, तळाची पकड सुटते आणि थराचा तुकडाच्या तुकडा गळून पडतो.

तिसरी तऱ्हा सर्वांत नवलाची. इथे जीवाणू आपण होऊन निघतो. अनेक जीवाणूंच्या पेशीत एक लहानसा रेणू निरोप्याचे काम करतो. मोशे बेंझिमान यांच्या गटाने तो १९८७ साली शोधला. त्याचे प्रमाण वाढले की जीवाणू चिकटा तयार करतो. घटले की चिकटा तोडणारी विकरे बाहेर पडतात, कशाभिका कामाला लागते आणि जीवाणू पोहत दुसरीकडे जातो. कॉलोबॅक्टरने तर वाटणीच करून ठेवली आहे. पेशीचे विभाजन झाल्यावर देठ असलेला भाग जागीच राहतो. दुसरा भाग कशाभिका घेऊन नवी जागा शोधायला निघतो.

घरात शत्रू, केंद्रात कामगार

आता माठ नुसता विसळून का भागत नाही ते कळेल. शेताच्या पाटात एक पान मध्यावर व एक काठाशी सोडा. मधले पान पुढे जाते, काठाचे रेंगाळते. भांड्यातही तसेच होते. पाणी कितीही जोरात फिरवले, तरी भिंतीला लागून असलेला पाण्याचा पातळ थर जवळजवळ स्थिर असतो आणि जीवाणू त्याच थरात बसलेले असतात. क्लोरीनसुद्धा चिकट्यात शिरता शिरता खर्च होऊन जाते. त्यामुळे थरातल्या पेशी सुट्या पेशींपेक्षा पुष्कळ अधिक टिकतात. म्हणून काथ्याने घासणे आधी, विसळणे नंतर. दात नुसती चूळ भरून स्वच्छ होत नाहीत, ते याचमुळे.

हाच गुण सांडपाण्याच्या केंद्रात उपयोगी पडतो. एका पद्धतीत दगडांच्या किंवा प्लॅस्टिकच्या थरावरून सांडपाणी झिरपू देतात. दगडांवरचे जैवपटल त्यातील घाण खाते. दुसरी पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न व लॉकेट यांनी मांडली. तीत टाकीत हवा सोडतात. जीवाणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. पुढच्या शांत टाकीत हे पुंजके तळाशी बसतात आणि वर निवळ पाणी राहते. तळाच्या गाळाचा काही भाग पुन्हा पहिल्या टाकीत नेतात. जीवाणू सुटे राहिले, तर ते तळाशी बसणार नाहीत आणि पाणी गढूळच बाहेर पडेल.

म्हणूनच रासायनिक वसाहतीत एक दक्षता महत्त्वाची ठरते. एखाद्या कारखान्यातून विषारी किंवा तीव्र आम्लाचे पाणी एकदम आले, तर जीवाणू मरतात, पुंजके फुटतात आणि थर सुटतो. पंप चालू, टाक्या जागच्या जागी, पण काम मात्र बंद! नवे पुंजके तयार व्हायला बरेच दिवस लागतात. तोवर केंद्रातून बाहेर पडणारे पाणी ओढ्याकाठच्या विहिरींना धोक्याचे असते. म्हणून प्रत्येक कारखान्याने आपले पाणी आधी सौम्य करून, ठरलेल्या मर्यादेतच केंद्राकडे पाठवायचे असते.

करून पाहा

सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या तळ्याच्या पाण्याने भरलेल्या बरणीत दोऱ्याने टांगा. एक पट्टी पहिल्या दिवशी, दुसरी तिसऱ्या व तिसरी सातव्या दिवशी काढा. प्रत्येक पट्टीची एक बाजू पुसून कोरडी करा. दुसऱ्या बाजूचा अर्धा भाग नुसता पाण्यात बुडवून काढा. उरलेला अर्धा ओल्या कापसाने घासा. पट्टी वाळू द्या. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली तिच्यावर मिथिलिन ब्ल्यूचे थेंब एक मिनिट ठेवून हलकेच धुवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अर्धे भाग पाहा. शेवटी हात साबणाने धुवा.

विचार करा

१. सातव्या दिवशीच्या पट्टीवर जीवाणू एकेकटे दिसतात की घोळक्याने? का?
२. पट्टीऐवजी खडबडीत खापरी टांगली तर थर कमी बसेल की जास्त?
३. सर्व जीवाणू चिकटूनच राहिले व कधीच सुटले नाहीत, तर त्यांचे काय होईल?