बीं पेरावें कीं हिरवळ आंथरावी?

घर बांधून झालें, रंगरंगोटी झाली, कीं मनुष्याचें लक्ष अंगणाकडे वळतें. दारासमोर डोळ्यांस गारवा देणारी हिरवळ असावी, असें कोणास वाटत नाहीं? परंतु ती करावी कशी, हा प्रश्न निघाला म्हणजे घरांत दोन पक्ष होतात. एक म्हणतो, बीं पेरावें. दुसरा म्हणतो, तयार हिरवळीचे तुकडे आणून आंथरावेत. या दोहोंपैकीं कोणता मार्ग केव्हां पत्करावा, याचा विचार येथें करूं.

आपल्या दख्खनच्या हवेस मानवणारें गवत म्हणजे हरळी. जिच्या कोवळ्या जुड्यांस आपण दूर्वा म्हणतों तीच. तिच्या जमिनीवर सरपटणाऱ्या कांडीच्या पेऱ्यापेऱ्यास मुळें फुटतात. म्हणून ती तुडविली तरी पुन्हां उभी राहते. मात्र तिला ऊन हवें. आंब्याच्या दाट सावलींत ती कोणत्याहि रीतीनें लावा, विरळच होणार.

प्रथम बियांचा विचार. हरळीचें बीं इतकें बारीक असतें कीं एका किलोंत लक्षावधि दाणे मावतात. १०० चौरस मीटर जागेस अर्धा ते एक किलो बीं पुरतें. तें बारीक वाळूंत मिसळून निम्में उभें व निम्में आडवें फेंकावें, म्हणजे कोठें दाट, कोठें विरळ असें होत नाहीं. वर मातीचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून कमीच असावा. खोल गेलेलें बीं वर येत नाहीं. जमीन उबदार असल्यास एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. तोंवर वरची माती एक दिवसहि वाळतां कामा नये. बीं स्वस्त खरें, पण तें आपला धीर पाहतें. पावसाची एक जोराची सर आली, तर उतारावरचें बीं वाहून कुंपणाशीं गोळा होतें. मुंग्या व चिमण्याहि आपला वाटा उचलतात.

तुकड्यांची गोष्ट निराळी. रोपवाटिकेंत वाढविलेली हिरवळ दोन-तीन सेंटिमीटर मातीसह कापून आणतात. थप्पी घालून ठेवल्यास ती आंतल्या आंत तापून पिवळी पडते. म्हणून आणली त्याच दिवशीं लावावी. विटांच्या बांधकामाप्रमाणें सांधे चुकवून तुकडे बसवावेत, वरून रूळ फिरवावा व भरपूर पाणी द्यावें. दोन-तीन आठवड्यांनीं एखादा कोपरा हळूच उचलून पाहावा. तो सुटला नाहीं, तर मुळें खालीं उतरलीं असें समजावें. उतारावरची माती धरून ठेवण्यास हा उपाय फार चांगला. पण खर्च बियांच्या कित्येक पट, आणि त्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गांठीहि अंगणांत शिरण्याचें भय.

शिवाय कांहीं बारीक पात्यांच्या जाति बियांपासून होतच नाहींत. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत टिफ्टन येथें ग्लेन बर्टन यांनीं निवडलेली व १९६० सालीं प्रसृत झालेली 'टिफवे' ही जात दोन प्रकारच्या हरळींचा वांझ संकर आहे. ती तुकड्यांनीं किंवा कांड्यांनींच लावावी लागते.

आतां माझाच एक अनुभव सांगतों. माझे वडील आजारांतून उठले होते. सकाळीं अनवाणी चार पावलें टाकण्यास त्यांस मऊ जागा हवी होती. मीं घाईनें तुकडे आणले आणि बांधकामाचा चुना व विटांचे तुकडे पडले होते, त्यांवरच आंथरले. आठ दिवस अंगण राजवाड्याचें वाटलें! महिन्याभरांत सारें पिवळें पडलें व सतरंजीसारखें गुंडाळून निघालें. वडील म्हणाले, "अरे, वरून पासोडी घातलीस, पण खालीं अंथरूणच नाहीं!"

पुढल्या जूनमध्यें मीं जमीन वीतभर खणली, खडे वेंचले, कुजलेलें शेणखत मिसळलें आणि हरळीच्या दोन-तीन पेऱ्यांच्या कांड्या चार-पांच बोटांच्या अंतरानें लावल्या. बियांहून लवकर व तुकड्यांहून स्वस्त असा हा तिसरा मार्ग. दसऱ्याच्या सुमारास जमीन झांकली गेली, आणि वडील तीवरून चालले.

आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. कडक उन्हाळ्यांत अशा हिरवळीस रोज सुमारें ५ मिलिमीटर पाणी लागतें. म्हणजे १०० चौरस मीटरांस ५०० लिटर. पंधरा लिटरांच्या घागरीनें मोजल्यास तेहतीस घागरी! जेथें पिण्याचें पाणीहि टँकरनें येतें, तेथें हिरवळ केवढी करावी हें आधीं ठरवावें. ती कशी करावी हें मागाहून. चटईएवढी हिरवळहि वृद्धांच्या पायांस व बालकांच्या खेळास सुख देते.

सारांश, उतार असेल व पैसा असेल तर तुकडे; सपाट जागा व सवड असेल तर बीं; दोन्ही बेताचीं असतील तर कांड्या. पण मार्ग कोणताहि असो, खालची जमीन आधीं तयार केल्यावांचून कोणतीच हिरवळ टिकत नाहीं. विद्येच्या बाबतींतहि हें तितकेंच खरें, हें चतुर विद्यार्थ्यांस निराळें सांगावयास नको.