त्वचेची तिपेडी वेणी

नेकनूरच्या बाजारातून घेतलेली चामडी वहाण काट्याकुट्यांत टिकते, ती कशाच्या बळावर? कातड्यातील कोलॅजेन नामक प्रथिनाच्या. आमच्या त्वचेतील पेशींसही त्याचाच आधार असतो. ह्या प्रथिनाची रचना मद्रास विद्यापीठातील रामचंद्रन व कार्था ह्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणचित्रांवरून १९५४ साली मांडली व १९५५ साली सुधारली. वेणीच्या पेडांप्रमाणे तीन साखळ्या परस्परांत गुंफिलेल्या असतात. प्रत्येकीत दर तिसऱ्या स्थानी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. कारण वेणीच्या गाभ्यात मोठ्यास जागाच नाही. तेथे दुसरे शिरले, तर वीण बिघडते व कित्येक बालके ठिसूळ हाडे घेऊन जन्मतात. पेड दृढ राहण्यास क जीवनसत्त्वही लागते. त्याच्या अभावी हिरड्यांतून रक्त वाहते. तेव्हा रानातील आवळ्यास आम्ही क्षुद्र का लेखावे?